बोडक्या डोंगराच्या पायथ्याशी

जूनमध्ये शाळा उघडली, आणि “सुट्टीत कुठं गेला होता?” या शिक्षकांच्या खोलीतल्या नेहमीच्या प्रश्नाला मी खरं उत्तर देऊन बसले. “फ्रान्सला. वाइनच्या गावी.” शिवणाच्या बाईंच्या हातातली सुई थांबली. “अगं बाई! आणि सासूबाईंना चाललं?” म्हटलं, “चाललं म्हणजे काय, त्या बरोबरच होत्या!” त्यावर जो हशा पिकला तो तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी ओसरला नाही. तेव्हापासून घरीदारी तोच खुलासा करून कंटाळले. म्हणून आता सगळं एकदाचं लिहूनच काढते.

त्याचं असं झालं. माझी धाकटी नणंद फ्रान्समध्ये लिआँ शहरात असते. आईनं एकदा तरी आपला संसार पाहावा हा तिचा चार वर्षांचा हट्ट. सासूबाईंचं वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे. एकट्या विमानात कशा बसणार? ह्यांना रजा नव्हती. माझी नोकरी अर्धी आणि सुट्टी मात्र पूर्ण, तेव्हा सोबतीला माझी नेमणूक झाली. तिकीट नणंदेनं काढलं. “वहिनी, तू काय बघशील?” तिनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, “आयफेल टॉवर राहू दे. तुमच्याकडची एखादी द्राक्षबाग दाखव.”

माझं माहेर नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात. अप्पांची साडेचार एकर बाग. खायच्या द्राक्षांची हं, वाइनच्या नव्हे. मांडवाखालच्या हिरव्या उजेडात मी अभ्यास केला, बी.ए. झाले, तिथूनच लग्न होऊन निघाले. तेव्हा बाग पाहायची हौस होतीच. पण खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. निघायच्या आठवडाभर आधी दादा बेदाण्याची पिशवी घेऊन आला. पिशवीबरोबर एक कागद होता. हक्कसोडपत्राचा मसुदा. दोघा भावांची वाटणी व्हायची आहे. त्याआधी आम्ही दोघी बहिणींनी आपला हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं. 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, म्हणून हा सोपस्कार. ताईनं ‘हो’ म्हटलंही होतं. दादा काही वाईट नाही हो. माझ्या बाळंतपणात मध्यरात्री जीप काढून धावत आलेला भाऊ तो. “तुला काय करायचीय जमीन? माहेर कुठं पळून चाललंय?” असं हसत म्हणाला. मी कागद कपाटात पातळांच्या घडीखाली सारला आणि म्हटलं, “आल्यावर बघू.” दादाला ‘बघू’ म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

लिआँहून उत्तरेकडे दीडशे किलोमीटरवर बोन नावाचं गाव आहे. आपल्याकडे बेदाण्याला जसं तासगाव, तशी बर्गंडी प्रांतातल्या वाइनची ही पेठ. सासूबाईंची अट होती की आधी काही धर्माचं ठिकाण दाखवा, मग तुमची ती बाग. म्हणून नणंदेनं गाडी थेट तिथल्या जुन्या रुग्णालयापाशी उभी केली. 1443 साली निकोला रोलां नावाच्या सरदाराच्या दिवाणानं आणि त्याची बायको गिगोन हिनं हे गोरगरिबांसाठी बांधलं. लढाया आणि उपासमार यांनी मुलूख पार खंगलेला होता तेव्हा. छपराची कौलं लाल, पिवळी, हिरवी, तपकिरी. ठिपक्यांची रांगोळी कुणी उतरत्या छपरावर काढावी तशी. आत लांबलचक दालनात दोन्ही भिंतींना लाल पडद्यांचे पलंग, आणि दालनाच्या टोकाला प्रार्थनाघर. म्हणजे अंथरुणावरून उठता न येणाऱ्यालाही प्रार्थना ऐकू यावी. सासूबाई तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी पाहून “कल्हई कोण करत असेल?” हेही विचारून झालं.

फरशीवर जागोजागी एक चांदणी आणि एक शब्द कोरलेला आहे. अर्थ असा की ‘एकमेव तारका’. रोलांनं ते बायकोला उद्देशून घातलं. नणंदेनं हे सांगताच सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. तेही सासऱ्यांचं!” नवरा 1462 साली वारल्यावर गिगोनबाईंनीच रुग्णालयाचा कारभार पाहिला आणि 1470 साली त्या गेल्या तेव्हा तिथंच त्यांना पुरलं. 1971 पर्यंत त्या इमारतीत रोगी होते. हा सगळा खर्च भागला कशावर, तर लोकांनी दान दिलेल्या द्राक्षमळ्यांवर. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिथल्या नव्या वाइनचा लिलाव होतो, 1859 पासून, आणि पैसा रुग्णालयाला जातो. पिंपांना दात्यांची नावं असतात. एक नाव गिगोनबाईंचं आहे. एवढं ऐकल्यावर वाइनबद्दलचा सासूबाईंचा राग जरा सैल झाला. “म्हणजे दानधर्माची आहे म्हणायची,” त्या म्हणाल्या.

बोनहून दक्षिणेला निघालो. रस्त्यात पोमार आणि व्होल्ने ही तांबड्या वाइनची गावं, मग म्योर्सो हे पांढरीचं, आणि बारा-तेरा किलोमीटरवर प्युलिन्यी-मोंराशे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं पाहिलंत तर तुम्ही ‘मॉन्ट्रॅचेट’ वाचाल, मीही तसंच वाचलं होतं. ही माणसं अर्धी अक्षरं गिळतात. मोंराशे म्हणजे बोडका डोंगर. डोंगर कसला, टेकाडच! माथ्यावर नुसती दगडगोटी आणि खुरटी झुडपं. पण त्याच्या उतारावर मधोमध जो पट्टा आहे, त्याच्या द्राक्षांची पांढरी वाइन जगातल्या सर्वांत नामांकित पांढऱ्या वाइनमध्ये गणली जाते. टोपी काढून, गुडघे टेकून ती प्यावी, असं कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमानं म्हटल्याचं सांगतात. एकेका बाटलीला शेकडो, कधी हजारो युरो पडतात. आणि शेत केवढं? आठ हेक्टर. म्हणजे वीस एकरसुद्धा पुरते नाहीत! त्याच्या दोन बाजूंना दोन गावं, प्युलिन्यी आणि शासान्य. दोघांनीही 1879 साली आपल्या नावापुढे त्या शेताचं नाव जोडून घेतलं. नवरीनं सासरचं आडनाव लावावं तसं गावांनी शेताचं आडनाव लावलं.

मी कठड्याशी उभी राहून बघत होते. (वेलींत शिरायला मनाई आहे, आणि ते बरोबरच.) मधल्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला शव्हालिए, म्हणजे सरदार, एक अरुंद रस्ता ओलांडला की खाली बातार, म्हणजे अनौरस. ही शेतांचीच नावं बरं का. त्यामागे गोष्ट अशी सांगतात, की मोंराशेच्या धन्याचा मुलगा धर्मयुद्धावर गेला, म्हाताऱ्याला मागे गावातल्या एका मुलीपासून मूल झालं, मुलगा लढाईत पडला आणि त्या अनौरसालाच वारसा द्यावा लागला. खरी की खोटी कोण जाणे. पण शेताला नाव असणं मला घरचंच वाटलं. आमच्याकडे नाही का, विहिरीचं, चिंचेचं, पांढरीतलं? या टापूत अशी नावं असलेले बाराशेहून अधिक तुकडे आहेत आणि 2015 साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मानलं.

रस्ता ओलांडला की वाइनचा दर्जा बदलतो, हे ऐकायला थोतांड वाटतं. पण शेतकऱ्याच्या मुलीला ते पटतं. वर माथ्यावर माती अगदी पातळ, खडक लगेच लागतो. खाली सपाटीला माती भारी, पाणी धरून ठेवणारी. मधे चुनखडी आणि चिकणमाती यांचा असा मिलाफ की पाणी निचरून जातं, तरी वेल अगदी कोरडा पडत नाही. उतार पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, म्हणून सकाळचं ऊन थेट अंगावर. द्राक्षाची जात मात्र एकच, शार्दोने. मणी लहान, पिवळसर, बिया असलेले. आमच्या निर्यातीच्या घडाशेजारी ठेवले तर कुणी घ्यायचं नाही!

वेली कमरेएवढ्याच. मांडव नाही, तारेवर बांधलेल्या ओळी. आमच्याकडे एकरी हजाराच्या आसपास वेल असतात. इथं चार हजार, आणि प्रत्येकावर मोजकेच घड. आमच्या वेलीला हिवाळ्याची झोप नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या. यांची वेल पानं गाळून हिवाळाभर झोपते आणि छाटणी एकदाच. मे महिन्याचे दिवस होते, कोवळ्या फुटी हातभर वाढल्या होत्या. ओळीत चार बायका वाकून नको असलेल्या फुटी खुडत होत्या. आमच्याकडे याला फेलफूट काढणं म्हणतात. तसाच अंगठ्याचा झटका, तशीच मधे कंबर सरळ करायची तऱ्हा. माझे हात शिवशिवले. एकीनं माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. बस्स, एवढंच. पण सगळ्या प्रवासातलं तेवढंच मला आधी आठवतं.

आता तुम्ही विचाराल, ह्या वीस एकरांचा मालक कोण? तर एक नाही, दीड डझनाच्या आसपास आहेत. पूर्वी इथल्या कितीतरी बागा मठांच्या ताब्यात होत्या. शेकडो वर्षं साधूंनी वेली लावल्या, कुठल्या तुकड्याची चव कशी ते पारखलं. राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. मग 1804 साली नेपोलियनचा कायदा आला. त्यात आईबापांच्या मालमत्तेत सगळ्या मुलांना सारखा वाटा. मुलगा-मुलगी भेद नाही. एका पिढीत चार तुकडे, दुसऱ्या पिढीत सोळा. वूझो गावच्या एका प्रसिद्ध बागेत पन्नास हेक्टरांना ऐंशीच्या घरात मालक आहेत! तोटा उघड आहे. जमिनीचा भाव आभाळाला भिडलेला, वारसाकर भरताना कित्येकांना तुकडा विकावा लागतो. म्हणून आता पुष्कळ घराणी जमीन वाटतच नाहीत. कंपनी करतात आणि भाग वाटतात.

अशाच एका घराण्यातल्या आन-क्लोद लफ्लेव्ह. 1990 साली त्या प्युलिन्यीतल्या आपल्या घरच्या कारभारात आल्या, आणि 1997 पर्यंत सगळी बाग त्यांनी रासायनिक फवाऱ्यांवरून काढून जैवगतिक पद्धतीवर नेली. त्यात काय करतात ठाऊक आहे? गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरतात, वसंतात काढून पाण्यात ढवळून शेतावर शिंपडतात. सासूबाई एवढ्या खूश झाल्या की काही विचारू नका. “बघ! शेवटी शेणच!” त्यामागचं चंद्र-ताऱ्यांचं गणित मला काही पटलेलं नाही. पण आन-क्लोदबाईंच्या वाइनला पुढे जगभर मान मिळाला आणि मोठमोठ्या बागाईतदारांनी त्यांचा कित्ता गिरवला, हे खरं. मोंराशेत या घराण्याचा वाटा जेमतेम आठ गुंठे. 1991 साली विकत घेतलेला. आठ गुंठ्यांत आमच्याकडे घर आणि गोठा मावतो.

गावात एका बाईंच्या तळघरात चव घेण्याची सोय होती. साठीच्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या, हात रापलेले. तळघर म्हटलं तरी चारच पायऱ्या उतरायच्या, कारण प्युलिन्यीत थोडं खणलं की पाणी लागतं. आत अंधार, गारवा आणि ओळीनं लाकडी पिंपं. एका पिंपात 228 लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या.

पांढरी वाइन करताना द्राक्षं आणली की लगेच, सालीसकट पण हलक्या हातानं दाबून रस काढतात. (तांबडीला साली रसातच आंबवतात, रंग त्यातूनच येतो.) रस रात्रभर निवळू देतात, मग पिंपात भरतात. तिथं किण्व साखरेचं मद्य करतं. त्यानंतर दुसरी एक गंमत होते. कच्च्या सफरचंदात असतं तसलं तीव्र आम्ल बदलून दह्यातलं सौम्य आम्ल होतं. म्हणजे विरजणच की! तळाशी साका बसतो तो टाकत नाहीत; मधून मधून काठीनं ढवळतात, त्यानं वाइनला अंग येतं. वर्ष, दीड वर्ष असं पिंपात. मग बाटलीत. आणि उत्तम मोंराशे असेल तर उघडायची घाई करायची नाही, दहा वर्षं तरी थांबायचं.

बाईंनी पेले मांडले. मोंराशे नव्हे, गावच्या साध्या शेतातली. थुंकायला भांडंही ठेवलं होतं. तिथं ते अशिष्ट समजत नाहीत. सासूबाईंनी ओठ लावला नाही, पण पेला नाकाशी धरला. डोळे मिटले. “लिंबाची साल,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा वास घेऊन, “आणि भिजवून सोललेले बदाम. आणि... लोणी कढवताना तूप होण्याच्या जरासं आधी येतो ना, तो.” नणंदेनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बाईंनी पिंपावर हात ठेवून सासूबाईंकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, इथं पुष्कळ वाइनवाले येऊन जातात, पण असं नाक क्वचित. सासूबाईंनी पदर सावरला. मी एक घोट घेतला. गोड असेल असं वाटलं होतं. मुळीच नाही. आंबट, स्वच्छ, आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ जिभेवर राहणारी. आवडली का म्हणाल, तर दुसऱ्या घोटाला आवडली.

मी म्हटलं, आमच्या निफाडला थंडी फार. पारा उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. हे ऐकताच त्या बाईंचा चेहराच बदलला. 26 एप्रिल 2016 ची रात्र त्यांनी सांगितली. कोवळ्या फुटींवर ओल, त्यावर हिम गोठलं, आणि सकाळी निरभ्र ऊन पडून त्या भाजून निघाल्या. थंड हवा उतारावरून खाली सपाटीला जाते, म्हणून मोंराशे सहसा वाचतो. त्या वर्षी तोही वाचला नाही. शरदात एकेका मालकाच्या हाती इतकी थोडी द्राक्षं आली की एक पिंपही भरेना. तेव्हा सात घराण्यांनी, त्यांत लफ्लेव्ह, लाफों आणि जगप्रसिद्ध रोमाने-काँतीसुद्धा, आपापला माल एकत्र केला. सगळ्यांची मिळून दोन पिंपं झाली. सहाशे बाटल्या. इतर वर्षी ज्यांच्या ओळीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, त्यांची वाइन एका पिंपात! पुढच्या वर्षी पुन्हा हिमाचा धोका आला तेव्हा शेतकऱ्यांनी पहाटे ओला पेंढा पेटवला आणि धुराचा पडदा धरून उन्हाचा चटका अडवला. आमच्या शेकोट्यांचीच ती बहीण.

“तुमच्या घरची बाग केवढी?” बाईंनी विचारलं. साडेचार एकर म्हटलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, “माझ्या सत्तावीस ओळी आहेत. भावाच्या पलीकडे सत्तावीस. कामं दोघं मिळून करतो, रोज भांडतो. तुमच्या किती?”

मी पुन्हा सांगितलं, साडेचार एकर. “ते वडिलांचं झालं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या ओळी किती?” नणंदेनं हे वाक्य जरा सावकाश मराठीत आणलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला काही सुचलं नाही. मी पेला खाली ठेवला आणि वेलीच्या खुंटाबद्दल विचारायला लागले. (तेही सांगते: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळं खाणाऱ्या एका किडीनं फ्रान्सच्या बागा साफ केल्या, तेव्हापासून इथल्या वेली अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या असतात. आमची बागही डॉगरीज खुंटावरच आहे, आणि तोही मूळचा अमेरिकेचाच.)

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसं बोललं नाही. लिआँ जवळ आल्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, “माझ्या बापाची आंब्याची सात झाडं होती. नारळाची वेगळी.” एवढंच म्हणून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

इकडे आल्यावर चार दिवस माहेरी गेले. अप्पांना सगळं सांगितलं. शेणाचं शिंग ऐकून ते हसले, दोन पिंपांची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग विचारलं, “एवढे मालक, आणि मधे बांध नाहीत?”

“नाहीत. नुसत्या ओळी.”

“मग आपली ओळ कुठली ते कसं कळतं?”

“ज्याच्या त्याला पाठ असतं, अप्पा. बायकांनासुद्धा.”

अप्पा काही बोलले नाहीत. वहिनीला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

कागद अजून पातळांच्या घडीखालीच आहे. दसऱ्याला दादा सोनं द्यायला आला होता. कागदाचं त्यानं विचारलं नाही, मीही काढला नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाला, “छाटणी झाली की फेलफूट काढायला बाया मिळत नाहीत यंदा. शनिवार-रविवार जोडून येतेस का दोन दिवस?”

“येते,” म्हटलं.